माजी सैनिक, पोलीस व सुरक्षासेवेतील

माजी सैनिक, पोलीस व सुरक्षासेवेतील : भूसेना, नौसेना वा वायुसेना यांतील सेवा पूर्ण केल्यानंतर पोलीस दल, केंद्रीय सशस्त्र दल अथवा औद्योगिक व खाजगी सुरक्षासेवा यांत नव्याने नोकरी पतकरणारा निवृत्त सैनिक. केंद्र सरकारच्या १९७९ च्या पुनर्नियुक्तीविषयक नियमांनुसार तिन्ही सेनादलांत कोणत्याही हुद्द्यावर, लढाऊ वा बिनलढाऊ स्वरूपाची सेवा करून निवृत्तिवेतनासह अथवा विहित अटींवर मुक्त झालेल्या व्यक्तीस ‘माजी सैनिक’ ही संज्ञा लागू होते. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल इ. दलांतून निवृत्त झालेले कर्मचारी या संज्ञेत मोडत नाहीत.

सेना तरुण व कार्यक्षम राहावी, या हेतूने सैनिकाची सेवा इतर शासकीय नोकरांच्या मानाने लवकर संपविली जाते. सामान्य सैनिक व कनिष्ठ हुद्देदार बहुधा वयाच्या ३५ ते ४५ वर्षांच्या दरम्यान निवृत्त होतात. भारतात दरवर्षी अशा रीतीने निवृत्त होणाऱ्यांची संख्या सु. ६० हजार असते. या वयात मुलांचे शिक्षण, घरबांधणी, वृद्ध आईवडिलांचा सांभाळ ही कर्तव्ये पुढे उभी असतात व केवळ निवृत्तिवेतनावर ती पार पडत नाहीत. त्यामुळे दुसरी नोकरी ही बहुसंख्य सैनिकांची गरज ठरते. शिस्त, कवाईत, शस्त्रांची ओळख, रात्रपाळीची सवय आणि वरिष्ठांची आज्ञा पाळण्याचे वळण या गुणांमुळे पोलीस व सुरक्षा ही क्षेत्रे त्यास स्वाभाविकपणे जवळची वाटतात.

तथापि हे साम्य बव्हंशी वरवरचे आहे. सैनिकास शत्रूविरुद्ध बळ वापरण्याचे शिक्षण मिळालेले असते. पोलिसास आपल्याच नागरिकांमध्ये, कायद्याने आखून दिलेल्या मर्यादेतच बळ वापरता येते; आणि खाजगी सुरक्षारक्षकास तर सामान्य नागरिकाहून फारसे अधिक अधिकार नसतात. सैनिक, पोलीस व सुरक्षारक्षक या तीन पायऱ्या उतरताना अधिकार कमी होत जातात. पहाऱ्याची जबाबदारी मात्र तशीच राहते. या दुसऱ्या सेवेतील यश व अडचणी या विसंगतीच्या संदर्भात समजून घ्याव्या लागतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : सैनिकी पहारा व नागरी बंदोबस्त यांची सांगड महाराष्ट्रात जुनी आहे. शिवकालीन गडांवर हवालदार, सबनीस व सरनोबत असे परस्परांवर अंकुश ठेवणारे अधिकारी नेमले जात. गडाचे दरवाजे सूर्यास्तास बंद करून किल्ल्या आपल्या ताब्यात ठेवणे, हे हवालदाराचे काम होते. ‘हवाला’ म्हणजे सोपविलेली वस्तू वा जबाबदारी व ती सांभाळणारा तो हवालदार, असा या शब्दाचा अर्थ असून तो भूसेना व पोलीस या दोन्ही दलांत हुद्द्याचे नाव म्हणून टिकून राहिला, ही गोष्ट लक्षणीय आहे. पुणे-नाशिक मार्गावरील चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळा याने १६६० मध्ये अल्प शिबंदीनिशी शायिस्ताखानाविरुद्ध सु. दोन महिने लढविला. दरवाजा आणि तट राखणे हा तेथील शिबंदीच्या कामाचा गाभा होता.

मराठी सत्तेच्या अस्तानंतर (१८१८) लष्करी व गडांवरील चाकरी गेल्यामुळे अनेक शिपाई निर्वाहाविना उरले. पुरंदरच्या परिसरातील रामोशी गडाच्या रखवालीचे परंपरागत हक्कदार होते. ते हक्क गेल्याने निर्माण झालेला असंतोष, हे उमाजी नाईक यांच्या बंडामागील एक प्रमुख कारण होय. पुढे इंग्रजांनी रामोशांना जमिनी देऊन व डोंगरी पोलिसांत भरती करून हा असंतोष शमविण्याचा प्रयत्न केला. खानदेशात जेम्स आउट्रमने १८२५ मध्ये भिल्लांची पलटण उभारली, तीही याच धोरणाने. पहाऱ्याचे काम काढून घेतले की अशांतता वाढते आणि ते सन्मानाने दिले की तोच मनुष्य शांततेचा आधार बनतो, हा या दोन्ही प्रसंगांचा बोध आहे.

इंग्लंडमध्ये १८२९ साली लंडनच्या महानगर पोलीस दलाची स्थापना झाली, तेव्हा त्याच्या पहिल्या दोन आयुक्तांपैकी कर्नल चार्ल्स रोवन हा वॉटर्लूच्या लढाईत भाग घेतलेला सेनाधिकारी होता. मात्र हे दल सैन्यासारखे भासू नये म्हणून त्यास लाल ऐवजी निळा गणवेश आणि बंदुकीऐवजी दंडुका देण्यात आला. सैनिकाची शिस्त घ्यावयाची परंतु सैनिकाचे शस्त्र बाजूस ठेवावयाचे, हे तत्त्व तेथून रूढ झाले. क्रिमियाच्या युद्धातून परतलेल्या निराधार सैनिकांना काम मिळावे म्हणून कॅप्टन एडवर्ड वॉल्टर याने १८५९ मध्ये लंडन येथे ‘कोअर ऑफ कमिशनेअर्स’ ही संस्था काढली. द्वारपाल, निरोप्या व पहारेकरी म्हणून माजी सैनिक पुरविणारी ही आद्य संस्था होय. कॅनडात तिच्याच धर्तीवर १९२५ मध्ये संस्था निघाली.

शासकीय यंत्रणा : पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये भारतीय सैनिक मंडळाची स्थापना झाली. त्याचेच रूपांतर १९७५ मध्ये केंद्रीय सैनिक मंडळात झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सैन्यातून मुक्त होणाऱ्या जवानांना काम मिळवून देण्यासाठी १९४५ मध्ये पुनर्वसन व सेवायोजन महासंचालनालय उभारण्यात आले. आज सर्वसामान्य बेकारांशी निगडित असलेल्या सेवायोजन कार्यालयांचा उगम या सैनिकांच्या प्रश्नात आहे. संरक्षण मंत्रालयात २००४ मध्ये माजी सैनिक कल्याण हा स्वतंत्र विभाग निर्माण झाला. पुनर्वसन महासंचालनालय हे निवृत्त अधिकाऱ्यांनी चालविलेल्या सुरक्षा संस्थांची सरकारी उपक्रमांकडे शिफारस करते. २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा संस्थेतील किमान ९० टक्के रक्षक माजी सैनिक असावे लागतात. महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय पुणे येथे असून त्याची जिल्हा कार्यालये आहेत. राज्य शासनाने २००२ मध्ये स्थापिलेले महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ (मेस्को) सुरक्षारक्षक पुरविण्याचे काम करते.

पोलीस व केंद्रीय दले : महाराष्ट्र शासनाच्या गट क व गट ड मधील पदांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण असून सेनेतील सेवेचा काळ विचारात घेऊन त्यांना वयोमर्यादेत सवलत मिळते. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर आणीबाणीच्या काळात अल्पमुदतीची सनद मिळालेले जे अधिकारी मुक्त झाले, त्यांच्यासाठी भारतीय पोलीस सेवेतही काही काळ जागा राखून ठेवण्यात आल्या होत्या. १ डिसेंबर १९६५ रोजी स्थापन झालेल्या सीमा सुरक्षा दलातही अशा अधिकाऱ्यांना सामावून घेण्यात आले. संरक्षण खात्याच्या आस्थापनांच्या रखवालीसाठी १९४७ मध्ये उभारलेल्या व १९५८ पासून संरक्षण सुरक्षा दल (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दलात तर मुख्यतः माजी सैनिकांचीच पुन्हा भरती होते.

सैनिक पोलिसांत येतो, तेव्हा त्याची पूर्वीची ज्येष्ठता त्याच्याबरोबर येत नाही. नाईक वा हवालदार म्हणून निवृत्त झालेला सैनिक पोलीस शिपाई या सर्वांत खालच्या पायरीवर पुन्हा उभा राहतो व वयाने आपल्याहून लहान असलेल्या वरिष्ठांच्या हाताखाली काम करतो. त्यास फौजदारी कायदा, पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, वाहतूक नियंत्रण व जमाव हाताळणे या गोष्टी मुळापासून शिकाव्या लागतात. सेनेत प्रश्नाचे उत्तर हुकमात असते. पोलीस ठाण्यात तक्रारदार, आरोपी, पुढारी व न्यायालय या सर्वांशी बोलून ते शोधावे लागते.

या दुसऱ्या सेवेचे सर्वश्रुत उदाहरण म्हणजे तुकाराम ओंबळे यांचे. केडंबे (ता. जावळी, जि. सातारा) या गावचे ओंबळे भूसेनेच्या संदेशवहन (सिग्नल) दलातून नाईक या हुद्द्यावरून निवृत्त झाले व १९९१ मध्ये मुंबई पोलीस दलात दाखल झाले. १७ वर्षांनंतर ते डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्याच्या वेळी गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीवर त्यांची नेमणूक होती. मध्यरात्रीनंतर दोन दहशतवादी मोटारीतून तेथे आले. एक जण पोलिसांच्या गोळीबारात ठार झाला. दुसरा, अजमल कसाब, मोटारीबाहेर येताच ओंबळे पुढे सरसावले. त्यांच्यापाशी केवळ लाठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. अनेक गोळ्या अंगावर घेऊनही त्यांनी ती पकड सोडली नाही व तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. २६ जानेवारी २००९ रोजी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

ओंबळे यांच्या धैर्याइतकेच त्या कृतीचे पोलिसी मोल महत्त्वाचे आहे. पकडलेल्या आरोपीच्या चौकशीमुळे कटाची साखळी उघड झाली, विशेष न्यायालयात रीतसर खटला चालला, मे २०१० मध्ये शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती ऑगस्ट २०१२ मध्ये कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात तिची अंमलबजावणी झाली. शत्रूस ठार करणे हे रणांगणावरील यश असते. आरोपीस न्यायालयापुढे उभे करणे हे पोलिसाचे यश होय. त्याच वेळी, स्वयंचलित शस्त्रापुढे लाठीनिशी उभे राहण्याची पाळी यावी, ही पोलीस दलाच्या सज्जतेतील उणीवही त्या रात्रीने दाखवून दिली.

औद्योगिक व खाजगी सुरक्षा : रांची येथील अवजड अभियांत्रिकी कारखान्यात १९६४ मध्ये लागलेल्या आगीनंतर सरकारी कारखान्यांसाठी स्वतंत्र दलाचा विचार पुढे आला. १९६८ च्या अधिनियमान्वये १० मार्च १९६९ रोजी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल स्थापन झाले. या दलाच्या जवानास ठराविक गुन्ह्यांत अधिपत्राशिवाय अटक करण्याचा अधिकार आहे. २००९ च्या दुरुस्तीने खाजगी उद्योगांनाही शुल्क भरून हे दल घेता येऊ लागले. परंतु बहुसंख्य खाजगी कारखान्यांची रखवाली खाजगी संस्थांचे रक्षकच करतात.

त्यांच्या पिळवणुकीस आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८१ मध्ये खाजगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम केला. माथाडी कामगारांविषयीच्या १९६९ च्या कायद्याच्या धर्तीवरील या कायद्यान्वये शासन, मालक व रक्षक यांचे प्रतिनिधी असलेली सुरक्षा रक्षक मंडळे स्थापन झाली. प्रथम मुंबई व ठाणे भागासाठी आणि नंतर पुण्यासह इतर जिल्ह्यांत ती अस्तित्वात आली. मंडळ नोंदित आस्थापनेकडे रक्षक पाठविते, वेतनावर अधिभार वसूल करते आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, उपदान इ. लाभ देते. मुंबईवरील हल्ल्यानंतर २०१० च्या अधिनियमाने महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ अस्तित्वात आले.

देशव्यापी नियमनासाठी खाजगी सुरक्षा अभिकरण (विनियमन) अधिनियम, २००५ हा कायदा मार्च २००६ पासून अंमलात आला. त्यानुसार परवान्याशिवाय सुरक्षा संस्था चालविता येत नाही. रक्षक १८ ते ६५ वर्षे वयाचा, चारित्र्याची पडताळणी झालेला व प्रशिक्षित असावा लागतो. नेमणुकीत सेनादले, पोलीस व गृहरक्षक दल यांत सेवा केलेल्यांना प्राधान्य द्यावयाचे असून पर्यवेक्षक नेमताना सेनादलांत किमान तीन वर्षे सेवा झालेल्यास प्राधान्य मिळते. २००६ च्या आदर्श नियमांत सामान्य उमेदवारास १०० तास वर्गशिक्षण व ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितले आहे. माजी सैनिक व माजी पोलिसांसाठी हीच मर्यादा अनुक्रमे ४० व १६ तास अशी आहे. सेना वा पोलीस यांच्या गणवेशासारखा दिसणारा पोशाख रक्षकाने घातल्यास तो गुन्हा ठरतो.

चाकण-कुरुळी परिसर : पुणे हे दक्षिण मुख्यालयाचे (सदर्न कमांडचे) ठिकाण. पुणे, खडकी व देहू रोड येथील छावण्या, खडकीचे बाँबे सॅपर्सचे केंद्र, दापोडीचे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि दारूगोळ्याचे कारखाने यांमुळे शहराच्या उत्तर भागात निवृत्त सैनिकांची वस्ती वाढत गेली. त्याच भागात पिंपरी-चिंचवडचे कारखाने उभे राहिले. १९९० नंतर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या चाकण क्षेत्रामुळे उद्योगांचा हा पट्टा इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यात पसरला. बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे वाहननिर्मितीचे कारखाने व त्यांना सुटे भाग पुरविणारे असंख्य लहानमोठे उद्योग येथे आहेत. पुणे-नाशिक महामार्गालगतचे कुरुळी हे मूळचे शेतीप्रधान गाव या पट्ट्यात सापडले व कारखाने, गोदामे आणि मालमोटारींचे तळ यांनी वेढले गेले. छावणी व कारखाना ही दोन्ही इतक्या जवळ असल्याने सैनिकाच्या दुसऱ्या सेवेचे खाजगी क्षेत्रातील रूप येथे विशेष स्पष्टपणे दिसते.

कारखान्याच्या फाटकावरील काम बाहेरून दिसते तितके सोपे नसते. आत येणाऱ्या प्रत्येक मालमोटारीचे चलान व वाहन क्रमांक ताडून पाहणे, वजनकाट्यावरील भरलेले व रिकामे वजन नोंदविणे, दुरुस्तीसाठी बाहेर जाणाऱ्या परतीच्या मालाचा व विकलेल्या बिनपरतीच्या मालाचा गेटपास वेगवेगळा तपासणे, अभ्यागतांची व कंत्राटी कामगारांची नोंद ठेवणे, अग्निशामक साधने जागेवर आहेत की नाहीत हे पाहणे व रात्री कुंपणालगत गस्त घालणे, ही कामे पाळीपाळीने अखंड चालतात. चोरीचा धोका कुंपणावरून जितका, त्याहून अधिक फाटकातून, कागदपत्रांच्या आडून असतो. विशेषतः बाहेर जाणाऱ्या भंगाराच्या गाडीत चांगला माल दडविला जाण्याचा संभव असल्याने तिची भरणी व वजन डोळ्यांदेखत व्हावे लागते.

या कामी माजी सैनिकाचा खरा उपयोग बंदुकीपेक्षा नोंदवहीत असतो. सेनेतील पहाराबदलात जुना पहारेकरी नव्यास हत्यारे, किल्ल्या, कुलुपे व घडलेल्या घटना मोजून-सांगून सोपवितो आणि नवा त्या पाहिल्यावाचून स्वीकारीत नाही. हीच सवय फाटकावरील पाळीबदलात उतरली, म्हणजे हानी कोणत्या तासात व कोणाच्या ताब्यात झाली, हे निश्चित करता येते. पुढे खटला उभा राहिल्यास वेळच्या वेळी केलेली, खाडाखोड नसलेली नोंद हाच महत्त्वाचा पुरावा ठरतो.

अधिकार व मर्यादा : फाटकावरील रक्षकास, तो पूर्वी कितीही मोठ्या हुद्द्यावर असला तरी, पोलिसांचे अधिकार नसतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार कोणतीही खाजगी व्यक्ती आपल्यासमक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास पकडू शकते. मात्र त्यास विनाविलंब, व कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. रक्षकाचा अधिकारही एवढाच आहे. पकडलेल्या माणसास डांबून ठेवणे, मारहाण करणे वा जबरदस्तीने कबुलीजबाब लिहून घेणे हे गुन्हे होत. स्वतःच्या व इतरांच्या जीविताचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये दिला आहे. परंतु धोक्याच्या प्रमाणाबाहेर बळ वापरल्यास त्याचे संरक्षण मिळत नाही. कामगारांची झडती ही कारखान्याच्या स्थायी आदेशांच्या व नोकरीच्या अटींच्या आधारे घेतली जाते आणि स्त्री-कामगारांची झडती स्त्री-रक्षकानेच घ्यावयाची असते.

३० जुलै २०१८ रोजी आंदोलनाच्या वेळी चाकण येथे हिंसाचार उसळून अनेक वाहने जाळण्यात आली. अशा प्रसंगी जमाव पांगविणे हे सर्वस्वी पोलिसांचे काम आहे. फाटक बंद करणे, आतील माणसांना सुरक्षित जागी नेणे, पोलीस व अग्निशामक दलास कळविणे आणि घडलेले टिपून ठेवणे एवढेच रक्षकाचे कर्तव्य होय. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले व चाकणचा औद्योगिक परिसर त्याच्या कक्षेत आला. ज्याने सीमेवर माघार न घेण्याची शपथ वाहिली, त्यास येथे हात आवरण्याचे नवे शिक्षण घ्यावे लागते. संयम हीच या सेवेची सर्वांत अवघड कवाईत आहे.

समस्या : कायद्याने प्राधान्य दिले असले, तरी प्राधान्य म्हणजे योग्य मोबदला नव्हे. कंत्राट सर्वांत कमी दर देणाऱ्या संस्थेस मिळत असल्याने तिचा भार शेवटी रक्षकाच्या वेतनावर व पाळीच्या तासांवर पडतो. आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी बारा तासांच्या दोन पाळ्या ठेवण्याची प्रथा सुरक्षा व्यवसायात सर्वत्र आढळते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या किमान वेतन अधिसूचनेत बिनहत्यारी पहारेकऱ्यास कुशल व हत्यारी पहारेकऱ्यास अतिकुशल कामगाराच्या बरोबरीचे वेतन ठरविण्यात आले. त्यावरून या कामाचे कौशल्य तत्त्वतः मान्य झाले, असे म्हणता येईल. व्यवहारात मात्र मोटारींची दारे उघडणे, सामान उचलणे अशी कामे रक्षकावर लादली जातात. संदेशवहन, यंत्रदुरुस्ती, स्फोटकांची हाताळणी, प्रथमोपचार यांचे शिक्षण घेतलेला मनुष्य केवळ फाटक उघडण्यासाठी वापरला जाणे, हा त्याच्याबरोबर समाजाचाही तोटा आहे. ज्यांची शेती उद्योगांसाठी गेली त्या गावांतील तरुणांचीही याच नोकऱ्यांवर आशा असते. त्यामुळे स्थानिक व माजी सैनिक अशी स्पर्धाही निर्माण होते.

१४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेमुळे या प्रश्नास नवे वळण लागले आहे. तीनुसार भरती झालेल्या अग्निवीरांपैकी २५ टक्क्यांपर्यंतच सेनेत कायम होतात. उरलेले चार वर्षांनंतर एकरकमी सेवानिधी घेऊन, निवृत्तिवेतनाविना मुक्त होतात. मार्च २०२३ मध्ये सीमा सुरक्षा दल व केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल यांच्या भरतीत माजी अग्निवीरांसाठी १० टक्के जागा राखण्यात आल्या. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६-२७ मध्ये पूर्ण होतात. चाळिशीतील निवृत्तिवेतनधारक सैनिकास दुसरी नोकरी ही पूरक असते. पंचविशीच्या आतील अग्निवीरास तीच आयुष्यभराची नोकरी असणार आहे.

सारांश, माजी सैनिकाचे पोलीस व सुरक्षासेवेतील पुनर्वसन ही केवळ रोजगाराची बाब नाही. राष्ट्राने प्रशिक्षणावर केलेला खर्च व सैनिकाने कमावलेली शिस्त यांचा नागरी जीवनास उपयोग व्हावयाचा, तर त्यास नव्या कामाच्या कायद्याचे पुरेसे शिक्षण, त्याच्या कौशल्यास अनुरूप काम आणि जबाबदारीच्या प्रमाणात वेतन मिळणे आवश्यक आहे. मुख्य म्हणजे, अधिकार थोडे व जोखीम मोठी असलेल्या या पहारेकऱ्यास काय करावयाचे आणि काय करावयाचे नाही, हे आधी स्पष्टपणे सांगितलेले असावे.

पहा : औद्योगिक सुरक्षा, गृहरक्षक दल, निमलष्करी दले, पोलीस, भूसेना, सैनिक कल्याण.